सुट्या पानांची प्रत्येक पोथी हस्तलिखित नसते

सुटी आडवी पानं, मध्ये हातानं लिहिल्यासारखं वळणदार अक्षर, म्हणजे पोथी हस्तलिखितच, असा समज फार जुना आहे. घरोघरी तो आहेच, पण लहान संग्रहालयांतल्या पाट्यांवरही दिसतो. यातल्या पुष्कळ पोथ्या प्रत्यक्षात शिळाप्रेसवर छापलेल्या असतात.

शिळाछापाचं तंत्र युरोपात 1796च्या सुमारास निघालं आणि एकोणिसाव्या शतकात मुंबई-पुण्यात चांगलं रुजलं. त्यात खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, जुळवायचे नसत. लेखनिक तेलकट शाईनं मजकूर लिही, तो गुळगुळीत दगडावर उतरवत आणि एका दगडावरून शेकडो प्रती काढत. अक्षर माणसाचंच, प्रत मात्र छापील! वाचकांना सवयीचा म्हणून पोथीचा आकारही तसाच ठेवला जाई.

ओळखायचं कसं? भिंग घ्या. बोरू शाईत बुडवला की पहिली अक्षरं गडद उमटतात, मग फिकी होत जातात, पुन्हा गडद. शिळाछापात काळेपणा सगळीकडे जवळजवळ सारखा असतो. चुकलेल्या अक्षरावर हरताळ या पिवळ्या खनिजाचा लेप दिसला, तर हस्तलिखिताची शक्यता बळावते. शेवटचं पान असेल तर ते आधी वाचा. तिथे बहुधा छापखान्याचं नाव आणि शक सापडतो. सगळ्यात पक्की खूण म्हणजे दुसरी प्रत: तीच चूक, त्याच ओळीत, तशाच फराट्यासह.

छापील ठरली म्हणून पोथी रद्दीत घालू नका. पहिल्या पिढीतल्या शिळाछाप प्रती आज खरोखर दुर्मीळ आहेत. लॅमिनेशन मात्र कुठल्याच पोथीला करू नका. ते पुढे काढता येत नाही.