थेंब कुठे पडतो आणि लोट कुठे जातो

खोकल्यातून उडालेला थेंब उघड्यावर किती दूर जातो, हा प्रश्न कोविडच्या साथीत घरोघर चर्चेला आला. त्याचे गणित मात्र बरेच जुने आहे, आणि मोकळ्या हवेतील दूरच्या प्रसाराबद्दलचे आपले बरेचसे ज्ञान माणसांच्या नव्हे, तर गाई-डुकरांच्या रोगातून आले आहे.

१८९७ मध्ये ब्रेस्लाऊ (आजच्या पोलंडमधील व्रोत्सवाफ) येथे जर्मन जिवाणुशास्त्रज्ञ कार्ल फ्ल्युगे यांनी बोलताना-खोकताना उडणाऱ्या तुषारांचा अभ्यास केला. लाल रंगाच्या वसाहती करणाऱ्या जिवाणूंच्या द्रावणाने चूळ भरून बोलायचे आणि भोवती मांडलेल्या बशांत लाल ठिपके कुठवर उगवतात ते पाहायचे, अशी ती साधी रीत होती. १९३४ मध्ये हार्वर्डचे विल्यम वेल्स यांनी त्याला गणिताची जोड दिली. थेंब आधी जमिनीवर पोचतो की आधी सुकतो, अशी ही शर्यत आहे. सुमारे १०० मायक्रॉनचा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थेंब २ मीटर उंचीवरून काही सेकंदांत खाली येतो. १० मायक्रॉनचा थेंब मात्र कोरड्या हवेत वाटेतच सुकतो आणि उरलेला हलका कण तरंगत राहतो. हे गणित स्थिर हवेचे होते. घराबाहेर हवा अशी स्थिर क्वचितच सापडते, पण वैद्यकशास्त्राने पुढे थेंब 'मोठा' की 'लहान' एवढाच भेद धरून ठेवला आणि वाऱ्याचा विचार जवळजवळ सोडून दिला.

तो विचार हवामानशास्त्रज्ञ करत होते, अर्थात धुराड्यांसाठी. ब्रिटिश हवामान खात्याचे फ्रँक पास्क्विल यांनी १९६१ मध्ये वारा, ऊन आणि ढग यांवरून हवेच्या स्थिरतेचे, म्हणजे ती किती कमी-अधिक घुसळते याचे, वर्ग पाडले, आणि धुराचा लोट पुढे जाता जाता किती पसरतो व विरळ होतो हे त्यावरून काढता येऊ लागले. १९६७-६८ मध्ये ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकूत रोगाची मोठी साथ येऊन चार लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली, तेव्हा रोगाचा नकाशा आणि वाऱ्याच्या नोंदी प्रथमच बारकाईने शेजारी ठेवून पाहिल्या गेल्या. इंग्लंडमधील पिरब्राइटच्या पशुरोग संशोधन संस्थेतील संशोधकांनी बाधित जनावरांच्या उच्छ्वासातून किती विषाणू बाहेर पडतो हे प्रत्यक्ष मोजले. डुक्कर गाईपेक्षा कितीतरी अधिक विषाणू सोडते, तर मोठ्या श्वासामुळे गाय तो अधिक ओढून घेते, असे त्यातून दिसले.

मार्च १९८१ मध्ये फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात डुकरांमध्ये हा रोग पसरला. वाऱ्याच्या दिशेवरून इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याला धोका आहे, असा इशारा लोटाच्या याच गणितावर बेतलेल्या प्रारूपाने (मॉडेलने) आधीच दिला होता; त्याच महिन्यात जर्सी बेटावर आणि पाठोपाठ ब्रिटनीपासून सुमारे २५० किलोमीटर दूर, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या आइल ऑफ वाइट बेटावर जनावरे आजारी पडली. समुद्राचा पृष्ठभाग सपाट असल्याने तिथे हवेची घुसळण कमी होते आणि लोट फारसा विरळ होत नाही. शिवाय ६० टक्क्यांहून अधिक आर्द्रतेत हा विषाणू तग धरतो.

वैद्यकाची आणि हवामानाची वाट एकत्र आली ती २०२० मध्ये. मार्चअखेरीस जागतिक आरोग्य संघटना कोविड हवेतून पसरत नाही असे सांगत होती; जुलैत २३९ शास्त्रज्ञांनी त्याला जाहीर हरकत घेतली. दरम्यान मे महिन्यात सायप्रसमधील निकोसिया विद्यापीठातील दोन संशोधकांनी संगणकीय प्रारूपातून दाखवले, की ताशी ४ ते १५ किलोमीटर वाऱ्यात खोकल्यातील लाळेचे थेंब ६ मीटरपर्यंत वाहत जाऊ शकतात. पवईच्या आयआयटी मुंबईतही खोकल्याचा ढग किती मोठा होतो याचा हिशेब मांडला गेला, पण तो बंद जागेपुरता होता.

थेंब सहा मीटर पोचला म्हणजे लागण सहा मीटर पोचली, असे मात्र होत नाही; उघड्यावर ऊन विषाणूला मारते आणि वारा त्याला विरळ करतो. शिवाय पिरब्राइटला डुकरे बंदिस्त जागेत ठेवून बाहेर पडणारा विषाणू मोजता आला होता. माणसांत मात्र एक बाधित दुसऱ्याच्या कैक पट विषाणू सोडतो, त्यामुळे लोटाचे गणित कितीही नेमके केले तरी सुरुवातीचा आकडा अंदाजानेच भरावा लागतो.