संकटग्रस्त प्रजातींसाठी कॅमेरा : वन्यजीव छायाचित्रणाची पार्श्वभूमी

झेब्र्याचा जवळचा आप्त असलेल्या क्वागाची जिवंतपणी काढलेली जी मोजकी छायाचित्रे आज उपलब्ध आहेत, ती सर्व लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील एकाच मादीची असून १८६३ ते १८७० या काळातील आहेत. १२ ऑगस्ट १८८३ रोजी ॲमस्टरडॅममध्ये शेवटचा क्वागा मेला, तेव्हा तो शेवटचा होता याचीही कुणाला जाणीव नव्हती. छायाचित्राने आपल्याला त्या प्राण्याचे रूप दाखवले, पण त्याला वाचवण्यासाठी त्याचा वापर करावा, हा विचारच तेव्हा जन्माला आला नव्हता.

तंत्राच्याही मर्यादा होत्या. ज्यांवर छायाचित्र उमटे त्या काचेच्या प्लेटा प्रकाश टिपण्यात संथ होत्या आणि कॅमेरे जड, त्यामुळे मोकळ्या रानातला हलता प्राणी टिपणे जवळपास अशक्य होते. इंग्लंडमध्ये रिचर्ड आणि चेरी किअर्टन या भावांनी १८९० च्या दशकापासून पोकळ बैलासारख्या बनावट लपणांत बसून पक्ष्यांची घरटी टिपली. अमेरिकेत जॉर्ज शायरस यांनी मुख्यतः रात्रीच्या अंधारात फ्लॅश वापरून घेतलेली ७४ छायाचित्रे ‘नॅशनल जिऑग्राफिक’ने जुलै १९०६ मध्ये एकाच अंकात छापली. शायरस स्वतः आधी शिकारी होते आणि स्थलांतरित पक्ष्यांच्या संरक्षणाचे विधेयक त्यांनी संसदेत मांडले होते, हे या संदर्भात विसरता येत नाही.

मात्र छायाचित्राने प्रत्यक्ष कायद्याला हातभार लावल्याचे पहिले ठळक उदाहरण मला वाटते ते बगळ्यांचे. युरोपातील स्त्रियांच्या टोप्यांवर खोवल्या जाणाऱ्या नाजूक पिसांना तेव्हा मोठी मागणी होती. ही पिसे बगळ्यांना नेमकी विणीच्या हंगामातच फुटतात, म्हणून शिकारी घरट्यांवर येणाऱ्या पक्ष्यांनाच गोळ्या घालत आणि पिले उपाशी मरत. १९०६ मध्ये ऑस्ट्रेलियातील पक्षी-अभ्यासक ए. एच. ई. मॅटिंग्ली यांनी न्यू साउथ वेल्समधील मथूरा (Mathoura) या गावाजवळच्या वसाहतीत हेच दृश्य पाहिले आणि टिपले : खाली पडलेले मृत बगळे आणि वर घरट्यात चोची उघडून अन्नाची वाट पाहणारी, मान टाकत चाललेली पिले. ब्रिटनच्या पक्षी-संरक्षण संस्थेने ही चित्रे मोठी करून १९११ मध्ये पाट्या गळ्यात अडकवलेल्या माणसांकरवी लंडनच्या वेस्ट एंडमध्ये, म्हणजे जिथे त्या टोप्या विकल्या जात तिथेच, फिरवली. पिसांच्या आयातीवर बंदी घालणारा कायदा मात्र १९२१ मध्ये झाला. या मोहिमेचे बळ चित्रांच्या देखणेपणात नव्हतेच. कोणी, कशासाठी आणि कोणाच्या हौसेपायी मारले, हे त्यांनी एका नजरेत दाखवले आणि सोबत एक निश्चित मागणी होती.

भारतात वनसेवेतील अधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी १९२० च्या दशकात जंगलवाटेवर तार ताणून वाघाकडूनच कॅमेऱ्याची कळ दाबवून घेतली. प्राणी समोरून जाताच आपोआप छायाचित्र टिपणाऱ्या आजच्या कॅमेरा ट्रॅपचे मूळ अशाच प्रयोगांत सापडते. पुढे १९४८ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघ आणि १९६१ मध्ये जागतिक वन्यजीव निधी स्थापन झाला. निधीच्या आवाहनासाठी ‘डेली मिरर’ या ब्रिटिश वृत्तपत्राने ९ ऑक्टोबर १९६१ रोजी काळ्या गेंड्याचे छायाचित्र पहिल्या पानावर छापले.

पर्वतीय गोरिलांची कहाणी अधिक गुंतागुंतीची आहे. रवांडात गोरिलांचा अभ्यास करणाऱ्या डायन फॉसी यांच्यावरील ‘नॅशनल जिऑग्राफिक’च्या जानेवारी १९७० च्या अंकाने हा प्राणी घराघरांत पोहोचला. त्यांचा लाडका गोरिला डिजिट ३१ डिसेंबर १९७७ रोजी चोरट्या शिकाऱ्यांच्या हल्ल्यात मारला गेला. त्याचेच छायाचित्र रवांडाच्या पर्यटन-भित्तिपत्रकावर झळकलेले होते. जुलै २००७ मध्ये काँगोच्या विरुंगा राष्ट्रीय उद्यानात सेन्क्वेक्वे हा सिल्व्हरबॅक, म्हणजे पाठीवर रुपेरी केस असलेला प्रौढ नर गोरिला, ठार झाला. फांद्यांच्या तिरडीवर बांधलेला त्याचा प्रचंड देह वाहून नेणाऱ्या माणसांचे ब्रेंट स्टर्टन यांचे छायाचित्र जगभर गेले आणि जंगलतोडीवर पोसलेला कोळशाचा बेकायदा व्यापार चर्चेत आला. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला विरुंगा पर्वतरांगेत जेमतेम २५० गोरिला उरले होते. २०१८ मध्ये पर्वतीय गोरिलांची एकूण संख्या १,००० च्या वर गेली आणि आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या लाल यादीत ते ‘अतिसंकटग्रस्त’ गटातून ‘संकटग्रस्त’ गटात आले. याचे श्रेय प्रथम प्राण धोक्यात घालणाऱ्या वनरक्षकांचे आणि पशुवैद्यांचे आहे, छायाचित्राचे नंतर. पण त्यांच्या कामाला लागणारे जगाचे लक्ष आणि पैसा मिळवण्यात छायाचित्रांचा वाटा नाकारता येणार नाही.

प्रत्येक प्रतिमा उपकारकच असते, असे मात्र नाही. २००८ मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत असे दिसले, की चिंपांझी संकटात आहेत असे मानणाऱ्यांचे प्रमाण गोरिलांच्या तुलनेत कमी होते, आणि त्याचे एक कारण जाहिराती व चित्रपटांतून ते सतत दिसतात हे होते. माणसाच्या कपड्यांत किंवा माणसाच्या कुशीत दाखवलेला प्राणी पाळण्याजोगा वाटू लागतो. स्लो लोरिस या मोठ्या डोळ्यांच्या छोट्या निशाचर प्राण्याच्या लोकप्रिय चित्रफितींबाबत हीच चिंता अभ्यासकांनी मांडली आहे. विश्वासार्हतेचाही प्रश्न आहेच. एका प्रतिष्ठित आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पहिले आलेले लांडग्याचे छायाचित्र, तो लांडगा बहुधा माणसाळलेला असल्याच्या निष्कर्षावरून, २०१० मध्ये अपात्र ठरवण्यात आले.

डिजिटल कॅमेरे आणि मोबाइल आल्यानंतर एक नवा धोका पुढे आला, तो ठिकाणाचा. छायाचित्रासोबत साठवले जाणारे अक्षांश-रेखांश गेंड्याच्या शिंगासाठी टपलेल्या टोळीला आयते मिळू शकतात. त्यामुळे अनेक छायाचित्रकार आता दुर्मीळ प्राण्यांची जागा जाहीर करत नाहीत, आणि लोकांनी पाहिलेल्या सजीवांच्या नोंदी ठेवणाऱ्या ‘आयनॅचरलिस्ट’सारख्या संकेतस्थळावर संकटग्रस्त प्रजातींचे नेमके स्थान आपोआप धूसर केले जाते.