दमट हवेत भुसा खाली बसतो का?

गोव्याच्या दमट हवेत लाकडाचा भुसा लगेच खाली बसतो, म्हणून घरच्या सुतारकामाला डस्ट कलेक्टर (नळीने भुसा ओढून घेणारे यंत्र) नको, केरसुणी पुरते, असा जुना समज आहे. खाली बसतो तो जाड भुसा. सागाला किंवा फणसाला सँडपेपर मारताना उडणारे अतिबारीक कण पावसाळ्यातही बराच वेळ तरंगतात, फुफ्फुसांत खोल शिरतात आणि वर्षानुवर्षांच्या संपर्काने नाकाच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो. कामापूर्वी आणि काम थांबल्यावर अर्ध्या तासाने दिवे मालवून विजेरीच्या झोतात हवा पाहावी, म्हणजे फरक स्वतःलाच दिसेल. कलेक्टर निवडताना अश्वशक्तीइतकीच गाळणीही तपासावी, कारण 30 मायक्रॉनपर्यंतचेच (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण अडवणारी कापडी पिशवी हीच घातक धूळ पुन्हा खोलीत सोडते. 1 मायक्रॉनपर्यंतचे कण अडवणारी गाळणी घ्यावी आणि नळी शक्य तितकी आखूड ठेवावी.