बालमैत्री व सामाजिक कौशल्ये (खानदेश)

मूल दुसऱ्यांत मिसळायला, वाटून घ्यायला, भांडायला आणि भांडण मिटवायला शिकते, त्या प्रक्रियेला सामाजिक विकास म्हणतात. सुरुवात घरात होते, पण बरोबरीची पोरे जे शिकवतात ते आईबापांना शिकवता येत नाही. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या खानदेशी जिल्ह्यांत हे शिक्षण अजूनही बरेचसे ओट्यावर आणि गल्लीत होते.

दोन-तीन वर्षांची मुले शेजारी शेजारी बसून आपापले खेळतात. एक मातीची भाकरी थापते, दुसरे काडेपेटीची गाडी ओढते. बोलणे जवळपास नाहीच. अमेरिकन संशोधक मिल्ड्रेड पार्टेन यांनी १९३२ साली मांडलेल्या वर्गीकरणात हा ‘समांतर खेळ’ आहे. ‘आमचं पोर कुणात मिसळत नाही’ अशी काळजी या वयात करू नये. एकत्र खेळण्याची ही पूर्वतयारीच असते.

चार-पाच वर्षांच्या सुमारास मोठा बदल होतो. मला माहीत आहे ते समोरच्याला माहीत नसू शकते, हे मुलाला उमगू लागते. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत चालणाऱ्या गुलाबाईच्या खेळात तो डोळ्यांनी दिसतो. गाणी आणि टिपऱ्या झाल्या की झाकलेला डबा पुढे येतो. मुली तो कानाशी धरून हलवतात, ‘गोड का तिखट?’ विचारतात आणि आतला खाऊ ओळखू पाहतात. ज्या घरचा डबा, त्या घरची तीन वर्षांची चिमुरडी ‘लाडू!’ म्हणून मोकळी होते. तिची सहा वर्षांची बहीण मात्र ओठ घट्ट मिटून बसते; कुणी अगदी जवळ पोचले तर तिचे डोळे चमकतात, पण शब्द फुटत नाही.

शाळेच्या वयात नियम येतात, आणि नियमांवरून कट्टीही येते. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी गोट्या खेळणाऱ्या मुलांचे निरीक्षण करून दाखवले, की लहानांना नियम वरून आलेले आणि अढळ वाटतात; दहा-अकराच्या पुढे ते सर्वांच्या संमतीने बदलता येतात हे कळते. आपल्याकडच्या गल्लीतली ‘कच्चं लिंबू’ ही रीत इथे फार मोलाची आहे. धाकट्याला खेळात घ्यायचे, पण त्याच्यावर राज्य द्यायचे नाही. दुबळ्याला सामावून घेण्याचा हा नियम मुलांनी स्वतःच चालवला आहे. एकाच वयाच्या मुलांच्या शिकवणीवर्गात तो शिकायला मिळत नाही.

पहिलीत भाषेचाही प्रश्न असतो. घरी अहिराणी, सातपुड्यात भिली किंवा पावरी, आणि पुस्तकात प्रमाण मराठी. दोन्हींकडचे थोडे थोडे जाणणारे मूल बाईंचे बोलणे शेजारच्याच्या कानात सांगते, आणि अशी जोडी पुढे बाक सोडत नाही.

नऊ-दहाच्या पुढे मैत्रीचा अर्थ बदलतो. ‘माझ्याशी खेळतो तो मित्र’ याजागी ‘माझे गुपित राखतो तो मित्र’ येतो. मुलगे पारावर, मैदानात जमत राहतात. अनेक मुलींच्या वाट्याला मात्र घरकाम आणि बाहेर जाण्यावरचा धाक येतो, आणि नेमक्या गरजेच्या वयात त्यांच्या भेटी कमी होतात. हे नुकसान खरे आहे आणि त्याची दखल फार कमी घेतली जाते. लग्नानंतर तर मैत्रिणी गावोगाव पांगतात. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, त्या माहेरी येतात, झाडाला झोके बांधले जातात, आणि एकेकाळी डब्यातला खाऊ ओळखणाऱ्या त्याच मुली पुन्हा एका झोक्यावर बसतात.