प्रवासी राउटर आणि हॉटेलचे वाय-फाय

प्रवासी राउटर म्हणजे खिशात मावणारा, मोबाइलच्या चार्जरवर चालणारा छोटा राउटर. एका बाजूने तो हॉटेलचे वाय-फाय स्वतः पकडतो आणि दुसऱ्या बाजूने खोलीत आपले वेगळे, पासवर्ड असलेले नेटवर्क सुरू करतो. मोबाइल, लॅपटॉप, टीव्हीला लावायची स्टिक यांना हे नेटवर्क घरापासूनच ओळखीचे असते. त्यामुळे नव्या गावी फक्त राउटर जोडायचा. बाकीची उपकरणे आपोआप चालू लागतात. पूर्वी गरज उलटी होती. ॲपलने २००४ मध्ये थेट सॉकेटात बसणारा एअरपोर्ट एक्सप्रेस आणला, तेव्हा हॉटेलच्या खोलीत इंटरनेटची वायर मिळे आणि वाय-फायची सोय पाहुण्याने करायची असे. आज टीपी-लिंक, जीएल.आयनेट अशा कंपन्यांचे राउटर वायर आणि वाय-फाय दोन्ही घेतात.

हॉटेलचे नेटवर्क माणसाला ओळखत नाही, उपकरणाला ओळखते. प्रत्येक वाय-फाय उपकरणाला ४८ बिटांचा मॅक पत्ता, म्हणजे ओळख क्रमांक असतो. लॉगिनच्या पानावर खोली क्रमांक आणि आडनाव भरले की त्या पत्त्याला ठरावीक मुदतीपुरती वाट मोकळी होते. राउटर मागच्या सगळ्या उपकरणांना आपल्या एकाच पत्त्याआड घेतो, म्हणून हॉटेलला एकच पाहुणा दिसतो. मात्र मोड नीट निवडावा लागतो. मेनूत ‘हॉटस्पॉट’ किंवा ‘डब्ल्यूआयएसपी’ लिहिलेला मोड हे काम करतो. ‘रेंज एक्स्टेंडर’ फक्त सिग्नल पुढे ढकलतो आणि बहुधा प्रत्येक उपकरणाला लॉगिन पुन्हा करावे लागते. जीएल.आयनेटच्या मेनूत मात्र ‘हॉटस्पॉट’ मोडचेच काम ‘रिपीटर’ नावाखाली असते.

खरी कसरत लॉगिनच्या पानाची. राउटरला ना पडदा, ना ब्राउझर. म्हणून आधी राउटर हॉटेलच्या नेटवर्कला जोडायचा, मग मोबाइल राउटरला जोडायचा आणि पान मोबाइलवर उघडायचे. अँड्रॉइड अशा वेळी गुपचूप एक ठरलेला वेब-पत्ता मागून बघतो. अपेक्षित ‘२०४’ हे रिकामे उत्तर न येता दुसरेच पान आले, की तो ‘साइन इन करा’ अशी सूचना दाखवतो. फॉर्म मोबाइलवर भरला तरी हॉटेलला मॅक पत्ता राउटरचा दिसतो, त्यामुळे परवानगीही राउटरलाच मिळते.

पान उघडलेच नाही, तर दोष बहुतेक वेळा आपल्याच सुरक्षेच्या सेटिंगचा असतो. राउटरवर बाहेरचा किंवा सांकेतिक डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) लावलेला असेल, तर हॉटेलच्या लॉगिन पानाचा आतला पत्ता सापडत नाही. ‘डीएनएस रिबाइंडिंग’पासूनचे, म्हणजे बाहेरच्या नावाआडून आतल्या उपकरणांपर्यंत पोहोचण्याच्या युक्तीपासूनचे संरक्षण चालू असेल, तर सापडलेला पत्ताही संशयास्पद ठरवून टाकून दिला जातो. व्हीपीएन (सगळा डेटा सांकेतिक करून नेणारी जोडणी) जोडल्याशिवाय काहीच बाहेर जाऊ न देणारा ‘किल स्विच’ हा तिसरा अडथळा. हे सगळे तात्पुरते बंद करावे, मोबाइल डेटाही बंद करावा आणि एचटीटीपीएस (सांकेतिक जोडणी) नसलेले एखादे साधे पान उघडून पाहावे. लॉगिन झाले की सेटिंग पूर्ववत.

तरीही जमले नाही तर मॅक पत्त्याची नक्कल करता येते. मोबाइलने थेट हॉटेलच्या वाय-फायवर लॉगिन करायचे आणि त्याचा पत्ता राउटरला द्यायचा. इथे एक मेख आहे. अँड्रॉइड १० (२०१९) आणि आयओएस १४ (२०२०) पासून मोबाइल प्रत्येक नेटवर्कला वेगळा, बनावट पत्ता दाखवू लागले. म्हणून ‘फोनविषयी’ या पानावरचा नव्हे, तर त्या हॉटेलच्या नेटवर्कच्या तपशिलात दिसणारा पत्ता उचलायचा. त्यानंतर मोबाइलने हॉटेलचे नेटवर्क सोडायला हवे, नाहीतर एकाच पत्त्याची दोन उपकरणे एकमेकांना बाहेर काढत बसतात.

आडनावाच्या रकान्यातही लोक अडतात. रिसेप्शनवर जे टाइप केले असेल, तेच चालते. नाव, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव, आडनाव अशा आपल्या तिपेडी नावातला कोणता तुकडा तिथे पोहोचला, हे विचारून घेतलेले बरे.

भारतात बऱ्याच ठिकाणी याऐवजी मोबाइल नंबर आणि ओटीपी मागतात. त्यामागे मुंबई परिसरातल्या घटना आहेत. जुलै २००८ मध्ये अहमदाबाद स्फोटांआधीचा ईमेल नवी मुंबईतल्या सानपाड्याच्या एका घरच्या असुरक्षित वाय-फायवरून गेला. पुढच्या दोन महिन्यांत माटुंग्याचे एक महाविद्यालय आणि चेंबूरचे एक कार्यालय यांची नेटवर्कही अशीच वापरली गेली. दूरसंचार विभागाने फेब्रुवारी २००९ मध्ये सार्वजनिक वाय-फायवर वापरणाऱ्याची ओळख नोंदवण्याचे निर्देश दिले. परदेशी नंबरवर ओटीपी न आल्यास रिसेप्शनवरून कूपन मागावे.

राउटरमुळे सुरक्षा वाढते, पण अर्धीच. खोलीतले नेटवर्क पासवर्डचे असते आणि शेजारच्या खोलीतल्या पाहुण्याला आपली उपकरणे दिसत नाहीत. राउटर ते हॉटेल हा टप्पा मात्र जसा होता तसाच उघडा राहतो. तो झाकायला राउटरवरच व्हीपीएन लावावे लागते. कॅस्परस्कीने २०१४ मध्ये उघड केलेल्या ‘डार्कहॉटेल’ प्रकरणात खोली क्रमांक आणि आडनाव भरून लॉगिन केलेल्या निवडक अधिकाऱ्यांना बनावट सॉफ्टवेअर अपडेट दाखवली जात होती.

एकच रेडिओ असलेला स्वस्त राउटर घेणे आणि देणे आळीपाळीने करतो, त्यामुळे वेग साधारण निम्म्यावर येतो. दोन बँडचा, म्हणजे दोन वेगळ्या लहरपट्ट्यांवर चालणारा राउटर एका बँडवर घेऊन दुसऱ्यावर देऊ शकतो. शिवाय हॉटेल आणि राउटर दोघांचेही आतले आयपी पत्ते (नेटवर्कने उपकरणांना दिलेले क्रमांक) १९२.१६८.१ ने सुरू होत असतील तर गोंधळ होतो. राउटरच्या पत्त्यांची मालिका बदलून टाकावी. दाराजवळच्या खाचेतले कार्ड काढले की खोलीची वीज जाते आणि राउटरही बंद पडतो. फ्रीजचा सॉकेट बहुधा चालूच राहतो.

एका खोलीला किती उपकरणे, ही मर्यादा राउटरने सहज ओलांडता येते. काही हॉटेलांच्या अटींत ते बसत नाही, आणि जास्तीच्या उपकरणांचे पैसे घेणाऱ्यांना ते आवडतही नाही. उलट बाजूही आहे. अमेरिकेत नॅशव्हिलमधल्या एका हॉटेलात पाहुण्यांचे स्वतःचे हॉटस्पॉट अडवल्याबद्दल मॅरियटला २०१४ मध्ये ६ लाख डॉलर भरावे लागले. पुढच्याच वर्षी तिथल्या दूरसंचार आयोगाने, असे अडवणे बेकायदा असल्याचे जाहीर केले.