जर्मनीचं ब्लॉक्ड अकाउंट: अर्ज कुठे अडतो आणि पैसे हातात कधी येतात

दरवर्षी जून-जुलै उजाडला की मला एकाच छापाचे फोन येतात. "काका, पैसे पाठवून आठ दिवस झाले, पण सर्टिफिकेटच येत नाहीये." हे सर्टिफिकेट म्हणजे ब्लॉक्ड खात्यात पैसे जमा असल्याचा, व्हिसासाठी लागणारा दाखला. कॉलेज वेगळं, गाव वेगळं, अडचण तीच. एजंट खातं उघडून देतो आणि बाजूला होतो. पुढचं सगळं आई-वडिलांच्या आणि त्या लेकराच्या गळ्यात येतं. म्हणून जिथे अर्ज हमखास अडतात, तेवढंच इथे सविस्तर सांगतो.

आधी मूळ नियम. जर्मनीचा विद्यार्थी व्हिसा हवा तर पहिल्या वर्षाच्या राहण्या-खाण्याची सोय दाखवावी लागते. १ सप्टेंबर २०२४ पासून त्यासाठी वर्षाला ११,९०४ युरो लागतात, म्हणजे महिन्याला ९९२. त्याआधी हा आकडा ११,२०८ होता, आणि जुने व्हिडिओ बघून तेवढेच पाठवणारे अजूनही भेटतात. रक्कम बदलत राहते. अर्ज कराल त्या दिवशी दूतावासाच्या संकेतस्थळावर असेल तीच धरा. पैसे जर्मन खात्यात अडकवून ठेवायचे, म्हणून ते ब्लॉक्ड. तिकडे त्याला श्पेअरकोंटो म्हणतात. एक्सपॅट्रिओ, फिंटिबा अशा कंपन्या ते ऑनलाइन उघडून देतात. पासपोर्ट आणि प्रवेशपत्र अपलोड केलं की काम होतं. एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे आपल्या शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचा दाखला, वेगळं. ते नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना सक्तीचं आहे आणि त्याला वेळ लागतो. ते आधी करून घ्या.

पूर्ण खर्च भागवणारी शिष्यवृत्ती असेल तर हे खातं लागत नाही. दुसरी सूट म्हणजे जर्मनीत राहणाऱ्या कुणीतरी घेतलेली हमी, आणि इथे फार गैरसमज आहे. "म्युनिकला मामा आहे, त्याने पत्र दिलंय" असं म्हणून भागत नाही. मामाने स्वतः तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात जाऊन, स्वतःचा पगार दाखवून, फेअरफ्लिष्टुंग्सएअरक्लेरुंग नावाचं रीतसर हमीपत्र करावं लागतं. पुढे भाच्याच्या खर्चाची कायदेशीर जबाबदारी मामावर येते. मामाला आधी हे नीट समजावून सांगा, मगच त्याच्या भरवशावर राहा.

नावाचा घोळ

आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी पद्धत. पासपोर्टवर बहुतेकांच्या 'गिव्हन नेम'मध्ये स्वतःचं आणि वडिलांचं अशी दोन्ही नावं असतात. मुलं खातं उघडताना मधलं नाव गाळतात, कारण कॉलेजच्या मेलवर ते नसतं. मग ब्लॉक्ड खात्यावर एक नाव, पासपोर्टवर दुसरं, बँकेच्या स्टेटमेंटवर तिसरं. लग्न झालेल्या मुलींचं तर माहेरचं-सासरचं असं दुप्पट. पासपोर्टवर जसं आहे तसंच्या तसं, अक्षर न् अक्षर, सगळीकडे लिहा.

अठरा युरो कमी

हे मी डोळ्यांनी पाहिलंय. एका मुलाच्या वडिलांनी अगदी मोजून ११,९०४ युरो पाठवले. मधल्या बँकेने आपला चार्ज कापला आणि खात्यात पोचले ११,८८६. अठरा युरोंसाठी सर्टिफिकेट अडलं. ते अठरा युरो पुन्हा पाठवायला नवा अर्ज, नवा चार्ज आणि आठवडा गेला. व्हिसाची अपॉइंटमेंट मात्र तीच राहिली. बँकेच्या फॉर्मवर चार्जेस कोणी द्यायचे असा रकाना असतो. तिथे पाठवणाऱ्याकडे, म्हणजे 'आवर' (OUR) हा पर्याय घ्या. शिवाय कंपनीची फी धरून वर पन्नास-शंभर युरो जास्तच पाठवा. ते बुडत नाहीत. आणि कंपनीने दिलेला रेफरन्स क्रमांक न विसरता टाका. त्याच्याशिवाय पैसे कोणाचे हेच तिकडे कळत नाही.

पर्पज कोड आणि टीसीएस

पैसे रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस या, परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेखाली जातात. वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, त्यामुळे तिची काळजी नको. पॅन आणि ए२ हा परदेशी पैसे पाठवण्याचा फॉर्म लागतो. काळजी घ्यायची ती 'कशासाठी' या रकान्याची. शिक्षणासाठीचा कोड एस०३०५ आहे. काउंटरवरच्या माणसाला 'अकाउंट' हा शब्द दिसला की तो परदेशात खातं उघडण्याचा कोड लावून मोकळा होतो. फरक हजारोंचा पडतो. १ एप्रिल २०२५ पासून एका पॅनवर आर्थिक वर्षात दहा लाखांपर्यंत टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक घेते तो आगाऊ कर, लागत नाही. त्याच्या वरच्या रकमेवर शिक्षणाचा दर कमी आहे. इतर बहुतेक कारणांना मात्र २० टक्के. तेव्हा प्रवेशपत्र सोबत न्या, कोड स्वतः वाचा आणि मगच सही करा. बँकवाल्यांना हे रोज सांगावं लागतं याचं मला खरंच वाईट वाटतं. त्यांच्या एका चुकीने एखाद्या घरची रक्कम वर्षभर अडकून पडते.

दहा लाख ही मर्यादा पाठवणाऱ्याच्या पॅनमागे आहे, सगळ्या बँका मिळून. पहिल्या सेमिस्टरची फी किंवा बहिणीचे पैसे त्याच वर्षी वडिलांच्याच पॅनवरून गेले असतील तर तेही मोजले जातात. कापलेला टीसीएस बुडत नाही. तो पॅनवरच्या कराच्या नोंदीत दिसतो, रिटर्न भरताना मिळतो, आणि नोकरदारांना पगारातल्या टीडीएसमध्ये वळता करून घेता येतो. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून थेट गेलेल्या पैशांवर तो आता लागतच नाही. पण कर्ज आधी बचत खात्यात घेऊन मग स्वतः पाठवलंत तर बँक विचारते. तेव्हा कर्जाचं मंजुरीपत्र जवळ ठेवा.

शेतकरी घरांसाठी एक सांगतो. पैसे पाठवण्यासाठीच घाईने नवीन बँकेत खातं उघडू नका. नव्या ग्राहकाकडे बँक मागच्या वर्षभराचं स्टेटमेंट मागते आणि ते नसेल तर आयटीआर मागते. शेतकऱ्याकडे आयटीआर बहुधा नसतोच. कांद्याचे, उसाचे पैसे जिथे वर्षानुवर्षं जमा होतात, त्या जुन्या खात्याच्या शाखेतच जा. ती शाखा परकीय चलनाचं काम करत नसेल तर त्याच बँकेची जवळची कोणती शाखा करते ते आधी विचारा.

तिथे उतरल्यावरचा पहिला महिना

सगळ्यात जास्त हाल इथे होतात, आणि याबद्दल कोणी आधी सांगत नाही. ब्लॉक्ड खात्यातले पैसे विमानातून उतरल्या-उतरल्या मिळत नाहीत. ते महिना ९९२ युरोप्रमाणे तुमच्या चालू खात्यात येतात, आणि ते चालू खातं तिथे जाऊन उघडायचं असतं. बऱ्याच बँका त्यासाठी पत्ता-नोंदणीचा कागद मागतात. त्या नोंदणीला आन्मेल्डुंग म्हणतात. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ती करायची असते, आणि तिला घरमालकाची सही असलेलं पत्र लागतं. हॉस्टेल मिळालं नसेल, मित्राच्या खोलीत गादी टाकून राहत असाल, तर हे पत्र कोण देणार? भाड्याचं घर घ्यावं तर अनामत आली. कायद्याने ती तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत असू शकते. म्हणजे घर नाही म्हणून खातं नाही, खातं नाही म्हणून पैसे नाहीत, आणि पैसे नाहीत म्हणून घर नाही.

यावर उपाय एकच, महिना-दीड महिन्याचा खर्च आणि अनामत वेगळी बाजूला काढून न्या. परकीय चलनाच्या नोटा एका प्रवासात ३,००० डॉलरच्या किमतीपर्यंतच नेता येतात, बाकी फॉरेक्स कार्डवर. थोडे युरो नोटांतच असू द्या. काही बेकऱ्यांत, छोट्या दुकानांत अजूनही फक्त रोख घेतात. आपलं नेहमीचं डेबिट कार्ड नेणार असाल तर निघण्याआधी ॲपमधून परदेशी व्यवहार चालू करून घ्या, २०२० पासून ते मुळात बंद असतात. आणि भारतातलं सिम रोमिंगवर चालू ठेवा. ओटीपी त्याच्यावरच येतो. सिम बंद झाल्यामुळे स्वतःच्याच खात्यातले पैसे काढता येत नाहीत अशी मुलं दर वर्षी असतात.

अजून एक बारीक गोष्ट. कार्ड, त्याचा पिन, कर क्रमांक हे सगळं तिकडे टपालाने येतं, वेगवेगळ्या दिवशी. पोस्टमन फ्लॅट नंबर बघत नाही, पत्रपेटीवरचं आडनाव बघतो. नगरची एक मुलगी तीन आठवडे कार्डाची वाट बघत होती. शेवटी कळलं, तीन जणींच्या घरात पेटीवर तिचं आडनावच नव्हतं, त्यामुळे पाकीट दोनदा परत गेलं होतं. वहीचा कागद फाडून, आडनाव ठळक लिहून, सेलोटेपने चिकटवलं आणि चौथ्या दिवशी पिनचं पाकीट आलं. नोंदणी करून आलात की त्याच दिवशी हे करा.

दुसऱ्या वर्षाचे पैसे

व्हिसाची मुदत आणि नंतर मिळणाऱ्या निवास परवान्याची मुदत यांत खूप जण गोंधळ करतात. परवाना वाढवताना पुढच्या काळाची सोय पुन्हा दाखवावी लागते. "एकदा भरले, झालं" असं नसतं. अर्धवेळ कामाची कमाई त्यात धरतात, पण वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस एवढीच परवानगी आहे, आणि कामाचा करार व पगाराच्या पावत्या दाखवाव्या लागतात. घरून पैसे येणार असतील तर वडिलांना चार महिने आधी सांगा. मोठ्या शहरांत अपॉइंटमेंटच लवकर मिळत नाही. तारीख मिळाली नाही तरी मुदत संपायच्या आत अर्ज जाऊ द्या. वेळेत अर्ज गेला असेल तर निर्णय होईपर्यंत जुना परवाना कायद्याने चालू धरतात. तसं लिहिलेला कागद कार्यालयाकडून मागून घ्या आणि सुट्टीत घरी यायचं तिकीट काढण्याआधी त्या कागदावर परत जर्मनीत प्रवेश मिळतो का, हे तिथेच विचारा.