व्हॉल्व्ह गेला म्हणजे नेमकं काय गेलं?

गोव्यात गिटारचा ॲम्प, म्हणजे आवाज वाढवणारा ॲम्प्लिफायर, बिघडला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "बाब, व्हॉल्व्ह गेला." दुसरंही ठरलेलं, "मग या खेपेला चांगल्या कंपनीचा घालूया." या दोन वाक्यांच्या मध्ये जे विचारायला हवं ते सहसा कोणी विचारत नाही: कोणता गेला, आणि का गेला? कंपनीचा प्रश्न त्यानंतरचा. खरं तर अगदी शेवटचा.

आधी काचेच्या आत डोकावू. व्हॉल्व्ह म्हणजे सिग्नल वाढवणारी काचेची बंद नळी, आणि तिच्यातली जवळजवळ सगळी हवा काढून टाकलेली असते. मधोमध कॅथोड, म्हणजे निकेलची बारीक नळी, आणि तिच्यावर बेरियम-स्ट्रॉन्शियमच्या ऑक्साइडचा लेप. आतल्या हीटरच्या तारेने ती सातशे-आठशे अंश सेल्सिअसपर्यंत तापली की लेपातून इलेक्ट्रॉन सुटू लागतात आणि बाहेरच्या प्लेटकडे धाव घेतात, कारण प्लेटवर काहीशे व्होल्टचा धन दाब असतो. प्लेट स्वतः इलेक्ट्रॉन सोडत नाही, म्हणून उलटा प्रवाह नाही. १९०४ साली जॉन अँब्रोझ फ्लेमिंग यांनी बनवलेला व्हॉल्व्ह एवढाच होता. आपल्या खाजनातली मानस, म्हणजे खाडीकाठच्या शेताच्या बांधातलं पाण्याचं दार, ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडते आणि भरतीला आपोआप मिटते, तसं हे एका दिशेचं दार. १९०६ मध्ये ली डी फॉरेस्ट यांनी कॅथोड आणि प्लेट यांच्या मध्ये तारेची जाळी, म्हणजे ग्रिड, बसवली आणि दाराला मूठ मिळाली. ग्रिडवरचा दाब जरासा हलला की प्लेटचा प्रवाह त्याच तालावर पण कितीतरी मोठ्या प्रमाणात हलतो. गिटारच्या पिकअपमधून येणाऱ्या इवल्याशा व्होल्टेजने शेवटी स्पीकर दणाणतो तो यामुळे.

व्हॉल्व्ह म्हातारा होतो तो मुख्यतः दोन कारणांनी: कॅथोडचा लेप झिजतो, किंवा आत वायू साठतो. नळीच्या आतल्या बाजूला आरशासारखा चंदेरी डाग दिसतो ना, ते बेरियम. उरलासुरला वायू शोषून घेणं हे त्याचं काम. हा डाग दुधासारखा पांढरा पडला असेल तर काच तडकून हवा आत शिरली, तो व्हॉल्व्ह गेलाच. काचेलगत निळसर झळाळी दिसली तर घाबरू नका, ते निरुपद्रवी असतं. प्लेटच्या आतल्या पोकळीत जांभळट-गुलाबी उजेड दिसला तर मात्र वायू झालाय. आणि प्लेट लाल होताना दिसली तर गाणं कितीही रंगात आलेलं असो, स्विच बंद.

ॲम्पमधले छोटे व्हॉल्व्ह, म्हणजे गिटारचा सिग्नल आधी वाढवणारे प्रीॲम्पचे, बहुधा ईसीसी ८३ असतात. अमेरिकेत त्यांनाच १२एएक्स७ म्हणतात. एका काचेत दोन ट्रायोड, म्हणजे कॅथोड-ग्रिड-प्लेटचे दोन संच, आणि प्रत्येकाचा वर्धनांक, म्हणजे सिग्नल किती पट वाढतो तो आकडा, १००. पण हे १०० कागदावरचे. व्हॉल्व्हचा स्वतःचा आंतररोध साधारण ६२ किलोओहम, आणि प्लेटला नेहमीचा १०० किलोओहमचा रेझिस्टर जोडला की प्रत्यक्षात हाती येतं सुमारे साठपट. त्याच खोबणीत १२एटी७ बसतो, वर्धनांक ६०. ५७५१ बसतो, ७०. १२एयू७ बसतो, जेमतेम २०. पायांची रचना सारखी, म्हणून बदलून बघायला हरकत नसते, काही जळत नाही. ॲम्पचा आवाज फार लवकर फाटतोय असं वाटलं तर पहिल्या खोबणीत ५७५१ घालून बघा, हा माझा आवडता स्वस्त प्रयोग आहे. १२एटी७ आणि १२एयू७ मात्र जास्त प्रवाहासाठी घडवलेले आहेत. ईसीसी ८३ साठी आखलेल्या सर्किटमध्ये ते चालतात, पण त्यांच्या सोयीच्या जागी बसत नाहीत. उलट, फेंडरच्या बऱ्याच ॲम्पमध्ये रिव्हर्बच्या (आवाजाला घुमारा देणाऱ्या भागाच्या) जागी १२एटी७ मुद्दाम दिलेला असतो, तिथे ईसीसी ८३ कोंबू नये.

कोणता छोटा व्हॉल्व्ह बिघडलाय हे शोधायला मीटर लागत नाही. ॲम्प चालू ठेवून लाकडी पेन्सिलीने एकेकावर हलकेच टिचकी मारा. घंटेसारखा टणत्कार स्पीकरमधून आला की तो व्हॉल्व्ह मायक्रोफोनिक, म्हणजे आतली जाळी सैल झाली आहे. पहिल्या खोबणीतला थोडासा वाजणारच, कारण त्याच्यापुढे सगळं वर्धन उभं असतं. मग एक खात्रीचा ईसीसी ८३ घेऊन ईसीसी ८३ असलेल्या एकेका जागी ओळीने बदलत जायचं.

मोठ्या, म्हणजे स्पीकरला ताकद पुरवणाऱ्या पॉवर व्हॉल्व्हचं प्रकरण वेगळं. व्हॉक्स एसी ३० मध्ये चार ईएल ८४, जुन्या ब्रिटिश मार्शलमध्ये ईएल ३४, फेंडर ट्विन रिव्हर्बमध्ये चार ६एल६जीसी, डिलक्स रिव्हर्बमध्ये दोन ६व्ही६. यांची अदलाबदल आवाजाच्या आवडीवर होत नाही. ६एल६जीसी चा हीटर ०.९ अँपिअर घेतो, ईएल ३४ चा दीड अँपिअर. चार ठिकाणी बदल केलात तर ट्रान्सफॉर्मरवर २.४ अँपिअरचा जादा भार पडला. शिवाय ईएल ३४ ला एक ग्रिड जास्त असते आणि ती पहिल्या पायावर बाहेर आणलेली असते. तो पाय सर्किटमध्ये जोडलेला नसेल तर व्हॉल्व्ह खोबणीत बसतो खरा, पण जसा चालायला हवा तसा चालत नाही. डिलक्स रिव्हर्बची गंमत आणखी निराळी: ६व्ही६ च्या जुन्या माहितीपत्रकात प्लेटला ३१५ व्होल्टची मर्यादा दिलेली होती, आणि फेंडरने त्याला चारशेच्या वर चालवलं. तिथे दणकट बांधणीचाच ६व्ही६ टिकतो. कंपनी बघून पैसे जास्त मोजावेत अशा थोड्या जागांपैकी ही एक.

बदलल्यावर बायस. ग्रिडवर ऋण दाब किती ठेवायचा यावर ठरतं की गाणं सुरू नसताना व्हॉल्व्हमधून किती प्रवाह वाहील. हा प्रवाह फार कमी असेल तर आवाज कोरडा, खरखरीत. फार जास्त असेल तर प्लेट लाल. कॅथोड बायसच्या ॲम्पमध्ये व्हॉल्व्ह स्वतःला बऱ्यापैकी सावरून घेतो. फिक्स्ड बायसमध्ये ते काम माणसाने करायचं असतं. ढोबळ नियम असा की शांत अवस्थेत प्लेटच्या क्षमतेच्या ७० टक्क्यांच्या वर जाऊ नये. ६एल६जीसी ची क्षमता ३० वॉट, तिचे ७० टक्के २१ वॉट. प्लेटवर ४२० व्होल्ट असतील तर २१ भागिले ४२० म्हणजे ०.०५, अर्थात ५० मिलिअँपिअर ही वरची हद्द. जोडी घेताना दोघांचा प्रवाह जुळता हवा, नाहीतर व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्या मधल्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये दोन बाजू एकमेकींना फेडत नाहीत आणि घुमघुम वाढते. हे मोजमाप जाणत्या माणसाकडूनच करून घ्या. ॲम्पची वायर काढली तरी आतल्या कपॅसिटरमध्ये चारशे व्होल्ट दबा धरून बसलेले असू शकतात. आणि स्पीकर न जोडता व्हॉल्व्ह ॲम्प कधीही वाजवू नये, त्यात आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. त्याची किंमत सगळ्या व्हॉल्व्हपेक्षा जड.

आता आपल्याकडचा मुद्दा, ज्याबद्दल परदेशी मार्गदर्शकात सहसा चार ओळीही नसतात. तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरीला असलेल्या, काकांनी अमेरिकेतून आणलेला ॲम्प १२० व्होल्टचा. त्याला आपण २३० चे ११० करणारा ट्रान्सफॉर्मर लावतो. इथेच हीटरला ठरलेल्या ६.३ ऐवजी पावणेसहा व्होल्ट मिळाले. आता लग्नाच्या मांडवात जनरेटर २१० वर घसरला की ट्रान्सफॉर्मरमधून निघतात सुमारे १००, आणि हीटरला मिळतात सव्वापाच. व्हॉल्व्हची सहनशक्ती ६.३ च्या दहा टक्के इकडे-तिकडे, म्हणजे खालची हद्द ५.७ च्या आसपास. कॅथोड नीट तापत नाही, आवाजाचा जीव जातो, आणि दोष येतो व्हॉल्व्हवर. दुसऱ्या टोकाला, मागचा व्होल्टेज सिलेक्टर २२० वर असलेला ॲम्प रात्री उशिरा २४२ व्होल्टवर चालला तर हीटरला ६.९ मिळतात आणि प्लेटचे ४२० चे ४६० होतात. अशा घरात नवी जोडी लवकर मरते. सिलेक्टरला २४० ची खूण असेल तर ती वापरा, आणि बायस तुमच्याकडे एरवी जो दाब असतो त्याच दाबाला लावून घ्या.

दुसरा मुद्दा दमट हवेचा. फोंड्याच्या पावसाळ्यात लोखंडी कपाटाला गंज चढतो, तिथे सॉकेटच्या पितळी पाकळ्या कोरड्या राहतील कशा? व्हॉल्व्हचे पाय आणि पाकळ्या यांच्यात ऑक्साइडची पातळ पापुद्री बसली की करकर, मध्येच आवाज गायब, मध्येच परत. व्हॉल्व्ह काढून पुन्हा बसवला की दोन दिवस ठीक, म्हणून "नवा व्हॉल्व्ह लागू पडला" असा गैरसमज होतो. आधी वीज तोडून, ॲम्प थंड झाल्यावर पायांना काँटॅक्ट क्लीनर लावून व्हॉल्व्ह चार वेळा आत-बाहेर करा. जुन्या ॲम्पमधले कार्बन कंपोझिशनचे रेझिस्टरही ओल शोषतात, त्यांचा रोध वाढतो आणि तेही करकरतात. प्लेटचा शंभर किलोओहमचा रेझिस्टर तडतडायला लागला की चांगला ईसीसी ८३ सुद्धा बदनाम होतो.

राहता राहिली कंपनी. आज गिटारसाठीचे नवे व्हॉल्व्ह जगातल्या मोजक्याच ठिकाणी बनतात: रशियातलं साराटोव्ह, स्लोव्हाकियातलं चाद्त्सा, आणि चीन. डब्यावरची नावं मात्र डझनावारी. मुलार्ड या जुन्या इंग्रजी कंपनीच्या नावाने मिळणारा नवा व्हॉल्व्ह इंग्लंडचा नव्हे, साराटोव्हचा असतो. वाईट नसतो, पण त्यावर मुलार्डच्या इंग्लंडमधल्या जुन्या ब्लॅकबर्न कारखान्याचा भाव लावू नका. खरा जुना ब्लॅकबर्नचा असेल तर काचेवर बुडाजवळ कोरलेला संकेत असतो, त्यातली दुसरी ओळ बी अक्षराने सुरू होते. रंगवलेलं नाव तर कोणीही छापून देईल. आपल्याकडे बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने (बीईएल) १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले. एखाद्या जुन्या घरातला मोडका रेडिओ भंगारात जाताना दिसला तर आत बीईएलचा ईएल ८४ आहे का ते बघून घ्या, मात्र मोजून मगच ॲम्पमध्ये घाला. दोन चांगल्या ईसीसी ८३ मधला फरक ऐकू येतो, पण स्पीकर बदलल्यावर जेवढा पडतो त्याच्यापुढे तो किरकोळ. ब्लॅकबर्नच्या एका नळीच्या पैशांत स्पीकर येत असेल तर मी स्पीकर घेईन.

नव्या जोडीचा बायस पहिल्या काही तासांच्या वाजवण्यानंतर थोडा सरकतो. दुकानदार दुसऱ्यांदा मोजून द्यायला तयार आहे का, हे पैसे देण्याआधीच विचारून ठेवा.